एक इटालियन द्राक्ष आणि आमची सोलं

द्राक्षाचा आणि आमच्या मालवण भागाचा तसा काही संबंध नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि समुद्रावरून येणारी दमट हवा. अशा हवेत द्राक्षवेलीला केवड्यासारखे बुरशीचे रोग सोडत नाहीत. आमच्या वाट्याला रातांबे, काजू आणि आंबा आले. तेव्हा मी इटलीतल्या एका तांबड्या द्राक्षावर लिहावे ह्याचे वाचकांना नवल वाटेल. ह्याला कारण घडली आजीची पंढरपूरची यात्रा. दर्शन झाल्यावर आम्ही अकलूजला मावशीकडे गेलो आणि तिथे रस्त्याकडेला तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा मी पहिल्यांदा पाहिल्या. 'ही खायची द्राक्षे नव्हेत, ही दारूची,' असे मावसोबा म्हणाले. मद्याचा पुरस्कार करण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या वेलींमागची हकिगत सांगण्याजोगी आहे.

अकलूज परिसरात फ्रातेल्ली नावाची वाइन तयार होते. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतील भावांनी मिळून 2007 च्या सुमारास हा उद्योग उभा केला. पिएरो मासी ह्या टस्कनीतील जाणकाराने इथली वाइन घडवली. परदेशातून आणलेल्या कलमांत सांजोवेजे नावाचे एक इटालियन द्राक्ष होते. हेच माझ्या लेखाचे नायक!

सांजोवेजे म्हणजे 'जोव्ह देवाचे रक्त', अशी ह्या नावाची परंपरागत व्युत्पत्ती सांगतात. इटलीत सर्वांत जास्त लागवड ह्याच तांबड्या द्राक्षाची. ते उशिरा पिकते, त्याला आंबटपणा भरपूर, आणि जमीन व हवा बदलली की त्याची चवही बदलते. तांबड्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. म्हणून तांबडी वाइन करताना रस सालींसकट आंबवतात. किण्व साखरेचे मद्यार्क करते आणि तेवढ्या दिवसांत सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. हे वाचताना मला आमचा रातांबा आठवला. त्याचाही रंग सालीतच, आणि दोन्हीकडे रंग देणारी द्रव्ये एकाच जातीची. फरक एवढाच की तिकडे साल रसाला रंगवून फेकली जाते आणि आमच्याकडे रसाची पुटे सालीला देऊन ती उन्हात वाळवली जाते.

इटलीत वेलीची छाटणी हिवाळ्यात एकदाच होते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा छाटावे लागते. एक एप्रिलची खरड छाटणी, दुसरी पावसाळा सरल्यावरची. पीक मात्र एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी. अकलूजकडे पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर, म्हणून हे जमते.

परंतु द्राक्षापेक्षा मला विचार करायला लावले ते ह्या धंद्यातल्या घराण्यांनी. फ्लॉरेन्सचे आन्तिनोरी घराणे 1385 पासून वाइनच्या व्यवसायात आहे आणि आज तो तीन बहिणींच्या हाती आहे. किआंतीच्या प्रदेशाची सीमा तर टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने 1716 साली हुकूम काढून ठरवून दिली. आपण आज ज्याला भौगोलिक मानांकन म्हणतो, त्याचाच हा पूर्वज.

त्याहून बोलकी गोष्ट मोन्तालचिनो ह्या डोंगरी गावाची. किआंतीत तेव्हा सांजोवेजेत इतर द्राक्षे मिसळण्याची रीत होती. ह्या गावच्या बिओन्दी-सान्ती घराण्याने निवडक वेलींच्या निव्वळ सांजोवेजेची वाइन केली आणि ती वर्षानुवर्षे मुरवली. तिचे नाव ब्रुनेल्लो. त्यांच्या 1888 सालच्या बाटल्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जपलेल्या होत्या. आजही नियम असा, की ब्रुनेल्लो काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंत बाजारात आणता येत नाही. म्हणजे आज काढलेल्या पिकाचे पैसे चार वर्षांहून अधिक काळ दिसायचे नाहीत! द्राक्ष शेजारच्या गावातही तेच. मोल आले ते थांबण्याच्या ऐपतीमुळे. आणि ही ऐपत कायमची नसते. 2016 साली ह्याच घराण्याला आपला मोठा हिस्सा एका फ्रेंच उद्योगसमूहाला द्यावा लागला.

हे वाचले आणि आमच्या पडवीतला मे महिना डोळ्यांपुढे आला. आजी रातांबे फोडून सोलांना मिठाची आणि रसाची पुटे देत असे, रोज वाळवत असे आणि बरणीत भरून ठेवत असे. 'सोलां जुनी झाली की चव येता. थांबाक व्हया,' हे तिचे म्हणणे. आता आम्ही थांबत नाही. पाऊस जवळ आला की ओले रातांबे पाट्यांनी व्यापाऱ्याला घालतो आणि तो देईल तो भाव घेतो. मी बाबांना ब्रुनेल्लोची गोष्ट सांगितली. ते शांतपणे म्हणाले, 'सोलां थांबतली रे, पण तुझी फी थांबाची नाय.'

मला उत्तर सुचले नाही. आळशीपणाने कोणी कच्चा माल विकत नाही, हे मला त्या दिवशी कळले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही कोकमाची जात दिली आहे. नाव आहे, फळ आहे, आजीच्या हातची विद्याही अजून आहे. नाही तो फक्त दोन पावसाळे दम धरण्यापुरता पैसा. तो एकट्या घराला जमत नसेल तर तीन घरांनी मिळून जमवावा, हे अकलूजच्या त्या भावांकडून शिकण्यासारखे आहे.

खूप बोलणे झाल्यावर बाबांनी तोडगा काढला. येत्या मेमध्ये विहिरीकडच्या दोन झाडांचे रातांबे विकायचे नाहीत. त्यांची सोलं आजी सांगेल तशी मी आणि शेजारचे दोघे मिळून करणार, आणि बरणीवर गावाचे नाव व साल लिहून ती माळ्यावर ठेवणार. बाकीच्या झाडांवर माझी फी भागेल. बरणी उघडायची कधी, हे मात्र आजी ठरवील.