उजव्या हाताचा घोडा

मी दोर धरून पुढे निघालो, पण घोडा जागचा हलेना. ओढलं तशी त्याने मान ताठ केली. यॉर्कशरमधल्या त्या तबेल्यातली बाई म्हणाली, "पुढून ओढू नकोस. त्याच्या खांद्याशी उभा राहा आणि समोर बघून चालायला लाग." मग तिने माझे हात नीट लावून दिले. घोड्याच्या डाव्या अंगाला मी, उजवी मूठ त्याच्या हनुवटीखाली वीतभर, उरलेला दोर घडी घालून डाव्या हातात. दोर हाताला गुंडाळायचा नाही. घोडा बिथरला तर बोटं जातात.

घोडा चालू लागला. त्याचा ऊन श्वास मनगटावर येत होता. मान कुठे वळणार, हे ती वळण्याआधीच मुठीला कळत होतं.

लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात घोड्यांची चिलखतं पाहिल्यापासून 'डेस्ट्रिअर' हा शब्द मनात घोळत होता. नाइटच्या लढाईच्या घोड्याचं हे नाव लॅटिन 'डेक्स्टर', म्हणजे उजवा, यावरून आलं. आपल्या 'दक्षिण' शब्दाचं कूळही तेच; देवाला उजव्या हाताला ठेवून घालतो ती प्रदक्षिणा. नाइट प्रवास करी तो मऊ चालीच्या पाल्फ्रीवर. डेस्ट्रिअर लढाईपर्यंत ताजा राहावा म्हणून स्क्वायर, म्हणजे नाइटच्या हाताखालचा तरुण, त्याला उजव्या हाताने धरून नेई. दौडताना हा घोडा उजवा पाय पुढे टाकी म्हणून हे नाव, असंही सांगतात. मला हाताचंच कारण पटतं. आपल्याकडेही सरदाराच्या स्वारीत नुसत्या हाती धरून चालवलेल्या घोड्याला 'कोतल' म्हणत. इथेही नाव पडलं ते पाठीवर कोणी नसताना.

सिनेमात दिसतो तसा डेस्ट्रिअर अवाढव्यही नसावा. इंग्लंडमध्ये सापडलेली मध्ययुगीन घोड्यांची हाडं संशोधकांनी मोजली. 2021 साली निष्कर्ष आले, तेव्हा बहुतेक घोडे खांद्यापाशी 58 इंचांच्या आतलेच निघाले. पण डेस्ट्रिअर म्हणजे खच्ची न केलेला नर, तोही लढाईसाठी तापट राखलेला. वाटेत माद्यांचा वास येणार, दुसरे नर दिसणार, आणि हे सगळं स्क्वायरने एका मुठीत धरून ठेवायचं, तेही स्वतः दुसऱ्या घोड्यावर बसून.

माझा घोडा म्हातारा, खच्ची केलेला, शांत होता. तरी अर्ध्या तासात माझं मनगट भरून आलं. बाईने दोर मागितला, तेव्हा बोटं सरळ व्हायला क्षणभर लागला.