पदर उलगडतो, पण व्हिडिओ नाही

जाहिरातीचा ईमेल उघडावा, तर आत साडीचा पदर आपोआप उलगडत असतो आणि मधोमध तो ओळखीचा त्रिकोण. त्याला बोट लावलं की ब्राउझर उघडतो, खरा व्हिडिओ तिथे सुरू होतो. ईमेलमध्ये व्हिडिओ नव्हताच!

हलत होतं ते जिफ, म्हणजे चित्रांच्या चौकटी एकामागून एक दाखवणारी फाइल. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते १९८७ साली तयार केलं. वेब तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. एका चौकटीत फार तर २५६ रंग आणि आवाज अजिबात नाही. आजच्या चकचकीत जाहिराती या म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसून फिरतात.

मग सरळ व्हिडिओच का जोडू नये? इथली गंमत मला सगळ्यात आवडते. ईमेलची वाट मुळात अक्षरांसाठी बांधलेली. त्यामुळे जोडलेल्या फाइलचंही आधी अक्षरांत रूपांतर होतं: लहान-मोठी रोमन अक्षरं, दहा आकडे, अधिकचं चिन्ह आणि एक तिरकी रेघ, एकूण ६४. लग्नाचा अख्खा व्हिडिओ, सनई-चौघड्यासकट, वाटेत असा अगम्य मजकूर होऊन जातो आणि पलीकडे पुन्हा व्हिडिओ होतो. दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे १५ एमबीचे झाले २०. जीमेलची मर्यादा २५ एमबीची, मग मोठा व्हिडिओ मावणार कुठे!

वेबपानासारखा ईमेलच्या अंगातच व्हिडिओ बसवावा, तर ॲपल मेल तो चालवतं. जीमेल मात्र त्याचा कोड काढून टाकतं. जावास्क्रिप्टला तर जवळपास कुठेच थारा नाही, आणि ते बरंच आहे. कुणाही अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम आपल्या टपालात का चालावा?

उरतं जिफ. त्यातही मेख आहे. आउटलुकने २००७ साली ईमेल दाखवायचं काम चक्क वर्डच्या इंजिनाकडे सोपवलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथे जिफची फक्त पहिली चौकट दिसायची. म्हणून जाणकार मंडळी किंमत, तारीख, मुख्य वाक्य पहिल्याच चौकटीत टाकतात. काहीजण पहिली चौकट काळी ठेवून नाट्यमय सुरुवात करतात. जुन्या आउटलुकवाल्या गिऱ्हाइकाला मग नुसता काळा चौकोन दिसतो. मला विचाराल तर जड जिफपेक्षा एक चांगलं स्थिर चित्र बरं, त्यावर त्रिकोण आणि शेजारी व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ते.