बोटाने शोधलेली वाट

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी काकांचे किरणांचे शेक चालू होते तेव्हा रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन मी त्यांच्या शेजारी बसत असे. पोट साफ आणि मूत्राशय भरलेलं, तरच आत घेत. एके दिवशी तंत्रज्ञाने त्यांना टेबलावरून उतरवलं आणि म्हणाला, “आजोबा, पोटात गॅस आहे, जरा फिरून या.” गुदाशय फुगलं की प्रोस्टेट जागची सरकते, हे मला तेव्हा कळलं. अक्रोडाएवढी ती ग्रंथी. डोळ्यांना न दिसणाऱ्या या ग्रंथीपर्यंत डॉक्टर पोचले तरी कसे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही.

पॅरिसच्या ऑक्टाव्ह पास्तो यांनी १९११मध्येच कॅन्सर जाळण्यासाठी मूत्रमार्गातून कॅथेटरने किरणोत्सर्गी रेडियम आत नेल्याचं नोंदवलं होतं. पण मी अडकलो तो अमेरिकेतल्या रेडियमपाशी. खाणउद्योजक जेम्स डग्लस आणि बाल्टिमोरचे डॉ. हॉवर्ड केली यांनी १९१३मध्ये नॅशनल रेडियम इन्स्टिट्यूट काढली. कोलोरॅडोच्या खनिजातून रेडियम निघालं. डग्लस यांची मुलगी कॅन्सरने गेली होती. त्यांनी आपलं रेडियम न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलला दिलं.

आणि मग दोन शहरांत दोन रीती सुरू झाल्या. बाल्टिमोरला ह्यू हॅम्प्टन यंग मूत्रमार्ग, मूत्राशय आणि गुदाशय या शरीराच्या तयार वाटांनीच रेडियम ग्रंथीजवळ नेत. न्यूयॉर्कला बेंजामिन बॅरिंजर यांनी वेगळंच केलं. एका हाताचं बोट गुदाशयात, त्या बोटाला ग्रंथी लागते आहे. दुसऱ्या हातात रेडियमची सुई, अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून ती थेट ग्रंथीत. आत सुई कुठवर गेली ते सांगणारं फक्त ते बोट.

मी बॅरिंजर यांच्या बाजूचा. अंतर दुप्पट झालं की किरणांचा जोर चौथाईवर येतो. बाहेर ठेवलेल्या रेडियमने ग्रंथीआधी मूत्राशय आणि गुदाशयच भाजून निघणार. रोग ग्रंथीत, तर रेडियमही ग्रंथीतच हवं. पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं, म्हणजे सुई काढून घेणं आलंच. शिवाय बोटाला ग्रंथीची मागची बाजूच तेवढी लागते.

१९४१मध्ये चार्ल्स हगिन्स यांचे संप्रेरक-उपचार आले आणि रेडियम मागे पडलं. १९५६पासून स्टॅनफर्डला माल्कम बॅगशॉ यांनी लिनिअर अॅक्सिलरेटरने बाहेरून किरण द्यायला सुरुवात केली. काकांचे शेक त्याच घराण्यातले. पुढे १९७०च्या दशकात मेमोरियलच्याच विलेट व्हिटमोर यांनी पोट उघडून ग्रंथीत किरणोत्सर्गी आयोडीन-१२५चे दाणे पेरले. भाताच्या दाण्याएवढे, अर्धायुष्य सुमारे साठ दिवस; काढावेच लागत नाहीत. पण हाताच्या अंदाजाने पेरल्यामुळे कुठे गर्दी झाली, कुठे मोकळं राहिलं, आणि मोकळ्या जागी रोग टिकला. व्हिटमोर स्वतः १९९५मध्ये प्रोस्टेटच्याच कॅन्सरने गेले.

ही अडचण सोडवली कोपनहेगनच्या हान्स हेन्रिक होल्म यांनी. १९८३मध्ये त्यांनी जी पद्धत मांडली, ती वाचताना मी थबकलो. सुई बॅरिंजर यांच्याच वाटेने, त्याच कातडीतून. गुदाशयात जिथे बोट असायचं, तिथे आता अल्ट्रासाउंडची नळी. ग्रंथी पडद्यावर, सुईचं टोक पडद्यावर. बॅरिंजर यांची वाट बरोबरच होती; तिच्यावर दिवा लागायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली.

आता प्रश्न ग्रंथीच्याही पलीकडचा आहे. जास्त जोखमीच्या रुग्णांत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसल्या, तरी त्यांना किरण द्यावेत का? परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २२४ रुग्णांवर हे तपासलं. २०२१मध्ये निष्कर्ष आला: पाच वर्षांनी पीएसए (रोग परतल्याची खूण देणारं रक्तातलं प्रथिन) पुन्हा न चढलेले रुग्ण लसिकाग्रंथींसह शेक घेतलेल्यांत ९५ टक्के, फक्त प्रोस्टेटला घेतलेल्यांत ८१ टक्के. एकूण आयुर्मानात मात्र तोवर फरक दिसला नव्हता.

याच टाटात आणखी एक चाचणी हाती घेतली गेली: पंचवीस शेकांऐवजी पाचच पुरतील का? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या, गावाकडे पेरणी टाकून आलेल्या माणसासाठी हा पाच आठवडे आणि दीड आठवडा यांतला फरक आहे.