घोट गिळल्यानंतर

घोट गिळलात की लगेच दुसरा घेऊ नका. दहा-पंधरा सेकंद थांबा. नैसर्गिक वाइनमधला एक दोष ग्लास हुंगून सहसा कळत नाही. गिळून झाल्यावर तो जिभेच्या मागच्या बाजूला येतो, उंदरांच्या बिळासारखा कुबट. तो वास देणारी द्रव्यं आंबट वाइनमधून उडत नाहीत. लाळेत मिसळून आंबटपणा उतरला की मोकळी होतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तरी हे मला पुस्तकापेक्षा जिभेनेच नीट शिकवलं.

नैसर्गिक वाइन म्हणजे साधारणपणे सेंद्रिय द्राक्षं, हातांनी तोडलेली, सालीवरच्या आणि वायनरीतल्या रानटी यीस्टवर आंबवलेली. बाहेरचं यीस्ट नाही, वाइन टिकवायला घालतात ते सल्फर, म्हणजे सल्फाइट, अगदी थोडं किंवा नाहीच. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या बोजोले भागात मार्सेल लापिएर यांनी ज्यूल शोवे या रसायनशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने अशी वाइन करायला घेतली. २०२०मध्ये फ्रान्समध्ये ‘व्हँ मेथोद नातूर’ ही सनद ठरली. तिच्यात सल्फाइट लिटरला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम. युरोपात नेहमीच्या कोरड्या लाल वाइनला १५० आणि पांढरीला २०० पर्यंत मुभा आहे.

मी जळगावच्या मेहरूणची, त्यामुळे यीस्टचा हा फरक मला बोरांवरून समजतो. डोळा भरलेल्या झाडाचं बोर दरवर्षी ओळखीचं लागतं. बांधावर बीपासून उगवलेल्या झाडांची चव मात्र झाडागणिक निराळी. निवडक यीस्टची वाइन पहिल्या जातीची, रानटी यीस्टची दुसऱ्या. 

आपल्याकडे ही वाइन करणं युरोपापेक्षा अवघड आहे. तिथे द्राक्ष पिकतं तेव्हा हवा थंडावत असते. नाशिकला गोडी छाटणीनंतरचं द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं, आणि तोडणी लांबली की ऊन चढू लागतं. उष्णतेने फळातलं आम्ल घटतं. आम्ल कमी म्हणजे नको त्या जिवाणूंना रान मोकळं, शिवाय जे थोडं सल्फर घालाल त्याचाही जोर कमी. भुरी आणि केवडा या रोगांसाठी फवारणी करावी लागते ती वेगळीच. लहान वाइनकर्त्याने सल्फर कमी करायचं म्हणजे वर्षाची कमाई पणाला लावायची. त्या धाडसाचा मला आदर आहे.

पण म्हणून व्हिनेगर झालेली वाइन ‘नैसर्गिक’ म्हणून गोड मानून घेऊ नये. गढूळपणा दोष नाही, तळाचा गाळही नाही. नाकात झोंबणारा आंबट वास मात्र दोषच.

नाशिक जिल्ह्यातल्या कावनईच्या व्हॅलोनेसारख्या लहान वायनरीत गेलात तर चाखता चाखता विचारा: यीस्ट कोणतं, सल्फर किती आणि केव्हा घातलं? मनापासून काम करणारा माणूस या प्रश्नांवर खुलतो. दोन ग्लासांच्या मध्ये कळण्याच्या कोरड्या भाकरीचा तुकडा खावा. ठेचा नको, तिखटाने अल्कोहोल जास्तच भाजतं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. कमी सल्फरची वाइन कधी रात्रीतून खुलते, तर कधी त्या उंदराच्या बिळाची चव तेव्हाच बाहेर येते. दोन्ही वहीत लिहून ठेवा, बाटलीवरच्या सालासकट.