फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट

मुलांनो, एखादी नवी माहिती कळली की ती दुसऱ्याला केव्हा सांगू, असे आपल्याला होऊन जाते. सांगताना आपण आरंभीच म्हणतो, "ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे हं!" इंग्रजी भाषेतही अशा वेळी वापरावयाचे काही ठरीव शब्दप्रयोग आहेत. ते नीट ओळखून वापरले पाहिजेत. नाही तर बोलावयाचे एक आणि अर्थ निघावयाचा भलताच, असे होते.

'फ्यू पीपल नो' याचा अर्थ, जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. याच्या आधी 'अ' हे इवलेसे अक्षर येऊन बसले, की अर्थ पालटतो. 'अ फ्यू पीपल नो' म्हणजे काही जणांना ठाऊक आहे. पहिल्या वाक्यात उणिवेवर भर आहे, तर दुसऱ्यात असण्यावर. मराठीत असेच काम 'च' हे अक्षर करते. 'ही वाट काही जणांना ठाऊक आहे' आणि 'ही वाट थोड्यांनाच ठाऊक आहे' ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. भेद कानालाच कळेल.

दुसरा प्रयोग 'अ लिट्ल-नोन फॅक्ट' हा होय. याचे भाषांतर कोणी 'लहान माहीत गोष्ट' असे केले, तर ऐकणारा हसेल. येथे 'लिट्ल' हा शब्द गोष्टीचा आकार सांगत नाही. ती किती कमी माहीत आहे, हे सांगतो. म्हणूनच 'लिट्ल' आणि 'नोन' यांना संयोगचिन्हाने जोडतात. येथील 'अ' मात्र 'फॅक्ट'चा आहे, 'लिट्ल'चा नव्हे; त्यामुळे त्याने अर्थ पालटत नाही. आपण सरळ म्हणावे, 'फारशी ठाऊक नसलेली गोष्ट'. याउलट 'ओपन सीक्रेट' म्हणजे आपले 'उघड गुपित': सर्वांना ठाऊक, पण उघडपणे कोणी बोलत नाही.

असे शब्द म्हणजे श्रोत्याला दिलेले वचनच होय. 'फार थोड्यांना ठाऊक आहे की सूर्य पूर्वेला उगवतो' असे म्हटले, तर ते वचन फुकट जाते. पुढे येणारी माहिती खरोखरच अपरिचित असली पाहिजे.

याबाबत माझी एक चूक सांगतो. शाळेत असताना निबंधात मी लिहिले होते, '१८१९ सालापर्यंत अजिंठ्याची लेणी कोणालाही ठाऊक नव्हती.' त्या वर्षी एप्रिल महिन्यात मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि लेणी त्याच्या दृष्टीस पडली, एवढे मी वाचले होते. गुरुजींनी मला जवळ बोलावून विचारले, "लेण्यांजवळच्या गावाचे नाव काय?" मला ते सांगता येईना. ते म्हणाले, "लेणापूर! लेणी कोणालाच ठाऊक नव्हती, तर गावाला हे नाव दिले कोणी?"

मी मान खाली घातली. गुरुजींनी माझे वाक्य खोडले नाही. 'कोणालाही' या शब्दाच्या जागी 'बाहेरच्या जगाला फारशी' एवढेच घातले. त्या तीन शब्दांनी वाक्य खरे झाले आणि त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना त्यांचे स्थान मिळाले.

म्हणून 'फारशी ठाऊक नाही' असे लिहिताना स्वतःस नेहमी विचारा: कोणाला?

अभ्यास

१. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
२. 'उघड गुपित' हा शब्दप्रयोग स्वतःच्या वाक्यात वापरा.
३. गुरुजींनी केलेल्या दुरुस्तीमुळे वाक्य खरे कसे झाले?
४. तुमच्या गावाविषयी बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसलेली एक गोष्ट वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळींत लिहा.