आलिशान गाडीचे तेल आणि आमची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या तेलावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण उद्यमबागेत माझ्या मामांचे गॅरेज आहे आणि कॉलेज सुटल्यावर तेथील खतावणी मी लिहितो. हात मळतात ते मामांचे. माझ्या बोटाला लागते ती फक्त शाई. तरीही गेल्या दिवाळीनंतर तेलाच्या एका डब्याने 'किंमत' या शब्दाचा जो अर्थ मला शिकविला, तो पाठ्यपुस्तकात इतका स्पष्ट सापडला नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या गल्लीतील एका काकांनी बँकेचे कर्ज काढून दहा वर्षे वापरलेली एक आलिशान जर्मन गाडी घेतली. हेतू एकच : लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून ती भाड्याने द्यायची. तुळशीचे लग्न आठ दिवसांवर आले आणि गाडी गिअर बदलताना धक्के देऊ लागली. अधिकृत वर्कशॉपने गिअरबॉक्सचे तेल व फिल्टर बदलण्याचा अंदाज दिला ७२,००० रुपयांचा. काकांचा महिन्याचा हप्ताच १९,००० चा! ते मामांकडे येऊन म्हणाले, "शेवटी तेलच ना ते? कुठले तरी स्वस्तातले घाला की."

मामा गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचे कारण मला ठाऊक होते, कारण ते माझ्याच अक्षरात वहीत होते. दोन वर्षांपूर्वी 'सर्व गाड्यांना चालते' असे डब्यावर छापलेले लाल तेल त्यांनी एका गाडीत घातले. तीन महिन्यांत क्लच घसरू लागले आणि दुरुस्तीचे ४१,००० रुपये मामांनी स्वतःच्या खिशातून भरले.

हे तेल करते काय?

हाताने गिअर टाकावयाच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचे काम मुख्यतः दात्यांना वंगण देण्याचे. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेच तेल एकदम चार नोकऱ्या करते. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेते ते तेल. क्लच दाबण्यासाठी लागणारा दाब पोचविते ते तेल. उष्णता बाहेर काढते ते तेल. आणि झीज रोखते तेही तेलच.

खरी कसोटी आहे ती क्लचची. त्याच्या चकत्या तेलात बुडलेल्या अवस्थेतच एकमेकींना धरतात. तेल फार निसरडे असेल तर त्या घसरतात आणि जळतात. निसरडेपणा कमी पडला तर पकडताना हिसका बसतो. हा तोल सांभाळण्यासाठी तेलात घर्षण आवरणारी द्रव्ये मिसळलेली असतात. प्रत्येक गिअरबॉक्सचा तोल निराळा, म्हणून तेलही निराळे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ही द्रव्ये क्षीण होतात आणि गाडी धक्के देऊ लागते.

या तेलाचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४९ मध्ये 'टाइप ए' नावाचे प्रमाण ठरविले. त्या काळच्या तेलांत घर्षणाचा तोल राखण्यासाठी चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत असत. १९७० च्या दशकाच्या सुरवातीस या प्राण्याला संरक्षण मिळाले आणि रसायनतज्ज्ञांना दुसरे द्रव्य शोधावे लागले. पुढे 'डेक्सरॉन' या मालिकेतील प्रमाणे बदलत बदलत २००५ मध्ये सहाव्या आवृत्तीपर्यंत आली. सगळ्यांना एकच तेल चालण्याचा जमाना केव्हाच मागे पडला.

'आजन्म' म्हणजे किती?

काकांचा दुसरा प्रश्न असा की, या गाडीचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे विकणाऱ्याने सांगितले होते. मग हा खर्च कशाला? अनेक आलिशान गाड्यांच्या बाबतीत 'आजन्म तेल' असा शब्द वापरला गेला आहे, हे खरे. पण आयुष्य कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. बीएमडब्ल्यू, जग्वार, रेंज रोव्हर अशा कितीतरी गाड्यांत बसणारे स्वयंचलित गिअरबॉक्स जर्मनीची झेडएफ ही कंपनी बनविते. तिची स्वतःची शिफारस आहे की गाडीच्या वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर ८ वर्षांनी तेल बदलावे. पहिला मालक त्याआधीच गाडी विकून मोकळा होतो. 'आजन्म' शब्दाचे बिल येते ते दुसऱ्या मालकाच्या दारी.

स्वस्त तेल शोधण्याची रीत

या प्रकरणात मामांनी जी रीत वापरली ती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, गाडीचे नाव विसरा आणि गिअरबॉक्सचे नाव शोधा. मेस्त्रींनी गाडी वर उचलून गिअरबॉक्सवरची पट्टी पुसली. बॉक्स झेडएफचा, आठ गिअरचा निघाला. मोटार कंपन्या बहुधा तेल स्वतः बनवीत नाहीत. तेल कंपनीकडून घेऊन त्यावर आपले नाव घालतात. त्यामुळे गिअरबॉक्स बनविणाऱ्याच्या नावाचा डबा अनेकदा गाडीच्या नावाच्या डब्याहून पुष्कळ स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट, मार्गदर्शिकेतील प्रमाणाचा क्रमांक पाहा. मर्सिडीज-बेंझ अशा प्रत्येक प्रमाणाला क्रमांक देते, उदाहरणार्थ २३६.१४, आणि त्या क्रमांकाखाली कोणकोणत्या कंपन्यांची तेले मान्य आहेत याची यादीच प्रसिद्ध करते. त्या यादीतले कोणतेही तेल निर्धास्त घ्यावे.

तिसरी गोष्ट, डब्यावरचे शब्द वकिलासारखे वाचा. 'मान्यताप्राप्त' म्हणजे गाडी किंवा गिअरबॉक्स बनविणाऱ्याने तपासून होकार दिलेले. 'यांसाठी योग्य' म्हणजे तेल विकणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे. ते म्हणणे खरेही असू शकते, पण त्याला साक्षीदार नाही.

चौथी गोष्ट, रंगावर जाऊ नका. तेलाला लाल रंग देतात तो गळती चटकन ओळखू यावी म्हणून. झेडएफचे आठ गिअरसाठीचे तेल हिरवे असते, मर्सिडीजचे एक निळे. रंगाने गुण कळत नाही.

आता आमचा हिशेब. लागणार होते ७ लिटर. गाडीच्या नावाचा डबा ३,६०० रुपये लिटर, म्हणजे २५,२००. झेडएफचा डबा २,१०० रुपये लिटर, म्हणजे १४,७००. 'सर्व गाड्यांना चालणारे' तेल ६५० रुपये लिटर, म्हणजे ४,५५०. काकांचा डोळा अर्थातच शेवटच्या आकड्यावर.

मी वहीतले जुने पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. झेडएफऐवजी हे तेल घातले तर प्रत्येक गाडीमागे वाचतात १०,१५० रुपये. चार गाड्यांमागे ४०,६००. आणि एक गिअरबॉक्स बिघडला त्याचे गेले ४१,०००. चारांत एक गाडी बिघडली तरी सगळी बचत बुडाली, शिवाय लग्नाच्या दिवशी नवरदेव रस्त्यावर! काकांनी ते पान दोनदा वाचले आणि म्हणाले, "मधले घाला."

या बॉक्सचा तळ प्लास्टिकचा असून फिल्टर त्यातच असतो, म्हणून तो पूर्णच बदलावा लागतो. त्याचे १२,५००, मजुरी ५,०००. एकूण ३२,२०० रुपये.

छोट्या गॅरेजांना सुटे भाग मिळणे हाही मोठा प्रश्न आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असा निर्णय होता. काही कंपन्या पुढे अपिलात गेल्या. पण मक्तेदारीचा धडा मला त्या निकालाने वर्गापेक्षा लवकर कळला.

तेल भरण्याच्या दिवशी माझ्याही हातांना काम मिळाले. या बॉक्सला तेल मोजायची काडी नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, भरण्याच्या छिद्रातून ते ओघळू लागेपर्यंत भरावे लागते. मी यंत्रावर तापमान वाचीत होतो, मेस्त्री गाडीखाली होते. एकदा वाकून पाहिले आणि हिरवी धार माझ्या शर्टावर आली. मेस्त्री हसून म्हणाले, "कै केसरादरे बायि मोसरु." हात चिखलात घातला तर तोंडाला दही मिळते, अशी ही कानडी म्हण.

मामांनी काकांना आधीच बजावले होते की तळ काढला तरी जुने तेल सगळे निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच राहते. तेव्हा गुण हळूहळू येईल. तसेच झाले. मोठे धक्के थांबले, दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना मात्र अजून किंचित जाणवते. पहिल्या मुहूर्ताला गाडी फुलांनी सजून गेली. काकांनी निम्मे पैसे रोख दिले, उरलेले लग्नसराई संपल्यावर देणार आहेत. खतावणीत ती रक्कम येणे म्हणून लिहिली आहे, आणि 'नुकसान' खात्याचे पान या वर्षी अजून कोरे आहे.