दोन नळ्या, एक नेम

शिकारीची दोन नळ्यांची रायफल डोळ्यांसमोर आणा. एकाच दस्त्यावर, शेजारीशेजारी जोडलेल्या दोन नळ्या. दोन्हींच्या गोळ्या एकाच खुणेवर बसायच्या असतील, तर नळ्या अगदी समांतर हव्यात, बरोबर? तशा जोडून पाहा. डाव्या नळीची गोळी डावीकडे जाईल, उजवीची उजवीकडे. म्हणून मुरलेला कारागीर दोन्ही नळ्या तोंडाकडे एकमेकींकडे किंचित झुकवतो. नुसतं नळ्यांकडे पाहिलं तर उजवीची गोळी डावीकडे जाणार असं वाटतं, आणि ती नेमकी मधोमध लागते!

हे होतं तरी कसं? गोळी पुढे निघते त्याच क्षणी बंदूक मागे रेटली जाते. उजवी नळी बंदुकीच्या मध्यापासून जरा उजवीकडे असते, त्यामुळे तो रेटा सरळ मागे न जाता बंदुकीचं तोंड उजवीकडे वळवतो. हे सगळं गोळी अजून नळीतच असताना. नळीतून बाहेर पडायला तिला सेकंदाचे एक-दोन हजारांश लागतात, आणि तेवढ्यात बंदूक वळायला लागलेली असते. कारागिराला नळी अशी रोखून ठेवावी लागते की गोळी सुटेल त्या क्षणी तिचं तोंड नेमकं खुणेवर आलेलं असेल.

हा कोन नुसता कागदावर सुटत नाही. नळ्यांच्या तोंडाशी दोघींमध्ये एक बारीक पाचर बसवतात आणि कथलाचा डाग देऊन नळ्या जोडतात. मग गोळ्या झाडून पाहायच्या. लांब पडल्या? कथील तापवून पातळ करायचं, पाचर इवलीशी सरकवायची, पुन्हा डाग द्यायचा, पुन्हा झाडायच्या. दोन्ही छिद्रं जवळ येईपर्यंत हेच. लंडनच्या नावाजलेल्या पेढ्यांत नळी घडवणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा. आणि हे जुळवणीचं काम करणाऱ्याचा मान मोठा. मला तर ही साऱ्या बंदूककामातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

आता ती रायफल कामठीला आणू. कन्हानकाठची ही छावणी 1821 सालची. इथून उत्तरेला निघणारा रस्ता शिवनीच्या साग-बांबूच्या रानांत शिरतो. इंग्रजी अंमलात मध्य प्रांतातले साहेब लोक आपल्या मापाच्या बंदुका लंडन-बर्मिंगहॅमहून मागवत. पण लंडनच्या गारव्यात जुळवलेली रायफल नागपूर-कामठीच्या पंचेचाळीस अंशांत कशी वागेल? त्या काळची बिनधुराची दारू, कॉर्डाइट, तापली की अधिक जोरात जळते. गोळी वेगानं सुटते, नळी पुरती वळायच्या आत बाहेर पडते, आणि दोन्ही गोळ्या एकमेकींचा रस्ता ओलांडून भलतीकडे जातात. म्हणजे ज्येष्ठातलं ऊन थेट नेमात उतरतं! शिवाय नळीवरचा दाब वाढतो तो धोका वेगळाच. त्यावर उपाय म्हणून उष्ण मुलखासाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसं निघाली. अशा जुन्या रायफलीची नळी खालून पाहिली, तर ती किती ग्रेन दारू आणि किती ग्रेनच्या गोळीसाठी आहे, ते पोलादावर कोरलेलं सापडतं.

याच मध्य प्रांतात जेम्स फोर्सिथ नावाचा एक तरुण अधिकारी होता. 1862 साली तो पचमढीच्या पठारावर पोहोचला. तिथं त्यानं बांधलेलं ‘बायसन लॉज’ आजही उभं आहे. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक बऱ्याच जणांना माहीत असतं, पण शिकारी रायफलीवरही त्यानं एक अख्खं पुस्तक लिहिलं. रानात जनावर दिसतं जवळ, पण अचानक. अंतर मोजायला सवड कुठली? गोळी खाली झुकायच्या आत पोहोचली पाहिजे, म्हणजे दारू भरपूर हवी. घोडं इथंच अडायचं. नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्या गोळीला फिरवतात. जोर वाढवला की शिशाची मऊ गोळी खाचांना दाद न देता त्यांच्यावरून सरळ घसरत जायची.

फोर्सिथनं सुचवलं, पीळच सैल करा. त्या काळच्या बऱ्याच रायफलींत अडीच-तीन फुटांत एक फेरा असे. त्यानं चौदा बोअरसाठी 104 इंचांत एक फेरा धरला. चौदा बोअर म्हणजे एका पौंड शिशात जिच्या चौदा गोळ्या होतात ती नळी. आता गंमत पाहा: नळी असेल जेमतेम दोन-अडीच फुटांची, म्हणजे गोळी आत पाव फेराच घेते. तेवढा पुरतो? पुरतो, कारण ती वाटोळी आहे. लांबट गोळी फिरली नाही तर कोलांट्या खाते. वाटोळीला कोलांटी खायला टोकच नाही. नुसत्या शिशातल्या उणिवा सगळ्या बाजूंना सारख्या वाटल्या जाव्यात, इतकंच फिरणं तिला हवं. हा विचार रानात पारखून मांडणारा फोर्सिथ 1871 साली गेला, उणीपुरी तेहतीस वर्षं जगून.

पुढे गोळ्या लांबट झाल्या, त्यांच्यावर धातूचं कवच आलं आणि पीळ पुन्हा आवळला. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल 1907 साली जिम कॉर्बेटला रिग्बी पेढीची जी रायफल भेट मिळाली, ती 7 मिलिमीटरच्या माउझर काडतुसाची. या काडतुसाच्या मूळ लष्करी रायफलीत 22 सेंटिमीटरला एक फेरा, आणि गोळीचा वेग सेकंदाला साधारण 700 मीटर. भागाकार करा: सेकंदाला तीन हजारांहून जास्त फेरे, मिनिटाला एक लाख नव्वद हजार! आणि नळीच्या आत ती जेमतेम तीनदा फिरलेली असते.

या खाचा कापायच्या जुन्या पद्धतीत एक छोटं पातं नळीतून ओढतात, ते ओढता ओढता ठरल्या पिळानं फिरतं. एका खेपेला ते धातू किती खरवडतं? केसाच्या जाडीचे पंचवीस-तीस भाग करा, त्यातला एक. म्हणून एकेका नळीला शेकडो खेपा. नळी सरळ आहे का, हे जुने कारागीर डोळ्यानंच पारखत. खिडकीच्या आडव्या गजाकडे नळी धरायची आणि आतल्या झिलईवर पडलेली त्याची सावली पाहायची. सावलीची रेघ जिथं मोडली, तिथं नळी वाकली.

लाकडाकडे वळू. अक्रोडाची फळी वर्षानुवर्षं वाळवलेली लागते, आणि मुठीपाशी लाकडाचे तंतू लांबीनं सलग गेलेले हवेत, नाहीतर धक्क्यानं दस्ता तिथंच मोडणार. लोखंड लाकडात कसं बसवतात? काजळीनं! दिव्यावर लोखंडाला काजळी धरायची, खाचेत दाबायचं, उचलायचं. जिथं काळा ठिपका उठला, तिथंच लाकूड टेकतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा ठिपके. खाच सगळीकडून सारखी काळी उमटेपर्यंत हे चालतं. एका बाजूनं जरी लोखंड अधांतरी राहिलं, तरी पुढचा नेम हलतो.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. विदर्भात जवस माहीत नाही असं घर विरळा. चटणी तर ताटात असतेच. हेच तेल लाकडावर चोळून वाळवतात, पण ते वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि कडक पापुद्रा धरतो. वाळताना त्याचं वजन चक्क वाढतं!

आणि दस्ता कुणाच्या मापाचा? शिंपी छाती-खांदा मोजतो तसं इथं हाताची लांबी, मान, गालाचं हाड, डोळा हे सगळं मोजावं लागतं, कारण बंदूक खांद्याला लावताच डोळा आपोआप नेमाच्या रेषेत आला पाहिजे. यासाठी 1889 साली बर्मिंगहॅमच्या विल्यम जोन्सनं सांध्यांची बंदूक काढली: दस्ता लांबवता, वाकवता, वरखाली करता येतो. गिऱ्हाइकाच्या अंगाला बसली की मापं उतरवून घ्यायची आणि त्याबरहुकूम अक्रोड कोरायचं.

शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं थांबली, आणि ते फार चांगलं झालं. कामठीच्या उत्तरेची ती रानं आज पेंच व्याघ्रप्रकल्पात आहेत. मापाच्या रायफलीची विद्या मात्र नेमबाजीत वाढतेच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवलं, तो प्रकार तीन पवित्र्यांचा: गुडघ्यावर, पालथं आणि उभं. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. पवित्रा बदलला की मानेचा कोन बदलतो, खांदा सरकतो, म्हणून हे नेमबाज ऐन स्पर्धेत दस्त्याचे स्क्रू सैल करून गालाची पट्टी आणि खांद्याची पट्टी नव्यानं लावतात. जोन्सची सांध्यांची बंदूक फक्त माप घेण्यापुरती होती. यांच्या हातात ती स्वतःच रायफल झाली आहे. काडतुसंही हे लोक डोळे झाकून घेत नाहीत. रायफल शिकंज्यात आवळून कारखान्याच्या एकेका घाण्यातली काडतुसं झाडून पाहतात, आणि ज्या घाण्याची छिद्रं सर्वांत जवळ पडतील, त्याचीच खोकी उचलतात.